नोकरी : स्टार्टअप, पुणे

स्टार्टअपमध्ये नोकरी शोधणाऱ्यांनी कोणते पॉडकास्ट ऐकावेत, हे मला विचारा. 'पहिला कर्मचारी' ऐका, डोळे मिटून ऐका. 'पैसे संपेपर्यंत' ऐका, कारण त्यात बुडालेल्या कंपन्यांतली माणसं येतात आणि बुडालेला माणूस सहसा खोटं बोलत नाही. 'शटर वर' मात्र सोडून द्या. त्यातला प्रत्येक पाहुणा पहाटे साडेचारला उठतो आणि तेच सांगत बसतो. साडेचारला आमच्या गावात म्हशीसुद्धा उठतात, अजून एकीचीही कंपनी निघाली नाही.

मी हे सगळे ट्रॅक्टरवर बसून ऐकले. फवारणी करताना ऐकले, घडाच्या फण्या उतरवताना ऐकले. उजव्या कानात पॉडकास्ट आणि डाव्या कानात आबा, अशी माझी सहा वर्षं गेली. रावेरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं गाव आहे. केळीची बारा एकर बाग, ठिबक, एक ट्रॅक्टर, आई बेबाबाई, वडील सुपडू, ज्यांना सगळं गाव आणि मीही आबा म्हणतो, आणि मी जितेंद्र. जळगावला इंजिनिअरिंग केलं, चार महिने नोकरी शोधली, तेवढ्यात आबांचा पाय मोडला आणि मी बागेत आलो. पाय दोन महिन्यांत सांधला. मी मात्र बागेतच राहिलो.

आता भानगड कशी झाली ते सांगतो.

दर डिसेंबरात जळगावला आमच्या समाजाचा वधू-वर परिचय मेळावा भरतो. त्याच्या आधी एक जाडजूड पुस्तक छापून घरोघरी येतं. त्यात फोटो, उंची, शिक्षण, मामांचं गाव आणि 'नोकरी/व्यवसाय'. लोक पुस्तक उघडतात ते थेट त्या रकान्यावर बोट ठेवूनच. माझा फोटो दोन वर्षं त्यात छापून आला. 'व्यवसाय : शेती, १२ एकर बागायत.' दोन वर्षांत एक फोन आला, आणि तोही फोटो स्टुडिओवाल्याचा होता. तिसऱ्या वर्षी फॉर्म आबांनी भरला. पुस्तक घरी आलं तेव्हा मी पाहिलं तर माझ्या फोटोखाली लिहिलेलं, 'नोकरी : स्टार्टअप, पुणे.'

"आबा, हे काय केलं?"

"शेतकऱ्याले पोरगी कोन देते आता?" आबा शांतपणे म्हणाले. "सोताची दहा एकर हाये तो बापबी म्हनते, जावई नोकरीवालाच पाहिजे."

"मग कंपनीचं नाव तरी टाकायचं होतं!"

"येडा हाये का तू? नाव टाकलं तं पुन्यातले पाहुने जाऊन चौकशी करतीन. स्टार्टअपची कोन चौकशी करते? कोनाले मालूमच नसते ते काय हाये."

हा शब्द ते कुठून शिकले हे विचारायची सोय नव्हती. माझा इअरफोन तुटला की मी फोनचा स्पीकर लावून पॉडकास्ट ऐकायचो आणि आबा बांधावर बसून बिडी ओढायचे. एवढ्या वर्षांत ऐकण्याचा फायदा झाला तो त्यांना.

आणि खरं सांगू? मी चिडलो, ताट सारून उठलो, पण पुस्तक परत छापा असं कोणाला सांगायला गेलो नाही. पंधरवड्यात अकरा फोन आले. आई फोन उचलायची आणि "तो पुन्याले राह्यते" म्हणताना तिचा आवाज असा काही फुलायचा की मी तिथेच समोर बसून वरणबट्टी खात असूनही मला घरात नसल्यासारखं वाटायचं.

अकरांतला एक फोन एरंडोलचा होता. मुलगी ज्योत्स्ना. बीबीए झालेली, एरंडोलला एका क्लासमध्ये शिकवणारी. जानेवारीत आम्ही मुलगी पाहायला गेलो. आदल्या दिवशी आईने लिंबू आणि घासलेट घेऊन माझी नखं घासली. केळीचा चीक एकदा अंगाला लागला की काळा पडतो आणि मग तो तुमच्याबरोबरच म्हातारा होतो. कपड्यावरचा तर कधीच जात नाही. नखं अर्धीमुर्धी निघाली, म्हणून मी पूर्ण कार्यक्रमभर मुठी मिटून बसलो. पोहे चमच्याने खाल्ले.

ज्योत्स्नाच्या वडिलांनी विचारलं, "नेमकं काम काय असतं तुमचं?"

"सप्लाय चेन बघतो," मी म्हणालो. म्हटलं तर ते खोटं नव्हतं. घड झाडावरून ट्रकपर्यंत मीच नेतो.

मग आम्हा दोघांना गच्चीवर बोलायला पाठवलं. तिने आवडीनिवडी विचारल्या नाहीत. म्हणाली, "मलापण स्टार्टअपमध्येच काम करायचंय. इथे बसून काही कळत नाही. सुरुवात कुठून करू, सांगाल?"

आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला असा प्रश्न विचारला होता ज्याचं उत्तर मला खरोखर येत होतं. मी पंधरा मिनिटं बोललो. कोणता पॉडकास्ट आधी, कोणता नंतर, कुठल्यातला कितवा भाग. मुलाखतीत आपण उलट विचारायचं, की कंपनीकडे किती महिन्यांचा पैसा शिल्लक आहे. जो मालक 'मला माहीत नाही' असं म्हणू शकतो त्याच्याकडे काम करायचं. ती फोनमध्ये टिपून घेत होती. बोलताना मी मुठी उघडल्या होत्या हे खाली उतरताना माझ्या लक्षात आलं. होकार आठ दिवसांत आला. मला ती आवडली होती, फार आवडली होती, आणि इथून पुढे माझा श्वास कोंडायला लागला.

साखरपुडा आखाजीनंतरच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतरच्या, रविवारी ठरला. म्हणजे माझ्याकडे तीन महिने होते. मी मनाशी हिशेब मांडला, की तीन महिन्यांत पुण्याच्या एखाद्या स्टार्टअपमध्ये खरंच नोकरी मिळवायची. मग आबांचं खोटं आपोआप खरं होईल आणि कोणाला काही सांगावं लागणार नाही. मी एकतीस अर्ज केले. शेतीची सहा वर्षं अर्जात कशी दाखवायची? मी 'कौटुंबिक व्यवसाय' असं लिहून मोकळा झालो. एकतिसांतल्या एकाने व्हिडिओ कॉल लावला. कसला व्यवसाय, म्हणाला. मी 'ट्रेडिंग' म्हणालो. कशाचं ट्रेडिंग, म्हणाला. मी घसा खाकरला. त्याने फार सभ्यपणे फोन ठेवला.

इकडे ज्योत्स्नाचा फोन रोज दुपारी एक ते दोन यायचा, कारण ती माझी 'ऑफिसची जेवणाची सुट्टी'. तेवढ्या वेळात बागेत शांत जागा एकच, पाण्याच्या मोटारीची खोली. पत्र्याचं छप्पर, विटांच्या चार भिंती, एक स्टार्टर आणि एक पाल. व्हिडिओ कॉलसाठी मी मागची भिंत पांढरी रंगवून घेतली. वर इस्त्रीचा शर्ट, खाली चिखलाची पँट, आणि दार आतून बंद. मार्चमध्ये ते सहन झालं. एप्रिलमध्ये रावेरला काय ऊन असतं हे ज्याला माहीत आहे त्याला मी आणखी काही सांगत नाही. मोटारीला ऑटो स्विच. लाईट आली की ती कोणाला न विचारता सुरू व्हायची.

"हा कसला आवाज?" ज्योत्स्ना विचारायची.

"एसी. जुना झालाय."

"इतका एसी लावून घाम कसा येतो तुम्हाला?"

अशा वेळी मी नेटवर्क गेल्याचं सोंग करायचो. दार उघडून बाहेर आलो की समोर आबा उभे असायचे, मजुरांचा मुकादम हिलाल उभा असायचा, आणि घड तसेच पडलेले असायचे. कोंबडी चोरून खाल्ल्यासारखा मी त्यांच्यापुढून जायचो.

रोज ठरवायचो, आज सांगू. रोज ती आधी बोलायला लागायची. तिला सांगितलेला प्रत्येक भाग ती एकदाच ऐकायची, वहीत लिहायची आणि मला असे प्रश्न विचारायची जे चारदा ऐकूनही माझ्या डोक्यात आले नव्हते. 'पहिला कर्मचारी'चा चाळिसावा भाग आहे. त्यातली बाई म्हणते की नुसता अर्ज पाठवू नका, त्या कंपनीचं एखादं छोटं काम स्वतःच करून पाठवा. मला तो भाग तोंडपाठ होता. ज्योत्स्नाने एका आठवड्यात तसं करायला घेतलं.

"पुण्यात एक नवी कंपनी आहे," ती म्हणाली. "शेतकऱ्याकडून केळी घेऊन सरळ शहरातल्या दुकानांत पोहोचवते. त्यांचा माल रस्त्यात फार खराब होतो म्हणे. तुमच्या घरी बाग आहे ना? आबांना विचारून सांगा ना, केळी नेमकी कुठे खराब होते ते."

"थांब, मला माहितीये थोडं," मी म्हणालो, आणि ते थोडं पाऊण तास चाललं. फणी कापल्यावर चीक गळू द्यावा लागतो, नाहीतर तो सालीवर ओघळतो आणि चौथ्या दिवशी डाग काळा होतो. फणी पालथी ठेवायची, मध्ये फोम द्यायचा. दुपारी भरलेला ट्रक उन्हात तासभर जरी उभा राहिला तरी आतला माल पुण्यात पोहोचेपर्यंत पिकायला लागतो. बोटभर डाग असलेला चांगला माल व्यापारी 'वापसी' म्हणून बाजूला काढतात, म्हणजे तिसऱ्या दर्जाचा, आणि तोच शहरात कापून विकणाऱ्याला चालतो. मोटार सुरू झाली, घाम डोळ्यांत गेला, तरी मी थांबलो नाही. त्या खोलीत एवढा एकच दिवस मला कोंडल्यासारखं वाटलं नाही.

"आबांना किती कळतं!" ती म्हणाली.

"हो," मी म्हणालो. "आबांना बरंच कळतं."

तिने त्याची चार पानं केली आणि पाठवली. दहा दिवसांनी भर दुपारी तिचा फोन आला तेव्हा ती हसत होती की रडत होती ते मला कळेना.

"झालं! घेतलं मला! त्यांची सगळी माणसं शहरातली, इथलं कोणाला काहीच कळत नाही. मला म्हणे अहिराणी येते का? मी म्हटलं, माझे मामा धुळ्याचे शेतस, बठ्ठं येतं. पण गंमत ऐका. मला पहिले सहा महिने रावेरला पाठवतायत. शेतकऱ्यांची नोंदणी करायला. तुम्ही पुण्यात आणि मी तुमच्या गावात, काय नशीब बघा!"

"वा," मी म्हणालो.

"मंगळवारी तुमच्याच गावात येणार. पहिली नोंदणी आबांची."

फोन ठेवल्यावर मी मोटारीच्या खोलीत तसाच उभा राहिलो. पाल भिंतीवर होती. तिला निदान पत्र्याच्या फटीतून बाहेर जाता येत होतं.

रात्री जेवताना आबांनी तोडगा काढला. "तू मंगळवारी जळगावले निघून जाय. दोन दिवस ऱ्हाय मावशीकडे. ती येईन, फारम भरीन, चालली जाईन. आखाजी झाली, साखरपुडा झाला, का मंग सांगू हळूच. का नोकरी सोडली म्हनून."

"लगन झाल्यावर सांगजा," आई म्हणाली. "मंग काय करीन ती?"

मग काय करील ती. मी तीन महिने एका खोलीत बसलो होतो आणि आता तिला आयुष्यभर त्याच खोलीत आणून बसवायचं चाललं होतं, बाहेरून कडी लावून. तरी मी नाही म्हणालो नाही. सोमवारी पिशवी भरली.

मंगळवारी सकाळी मी इस्त्रीचा शर्ट घालून बसथांब्यावर उभा होतो. कानात 'पैसे संपेपर्यंत' चालू होतं. एक बुडालेला गृहस्थ सांगत होता की शेवटचे चार महिने तो नातेवाइकांना दाखवायला रोज डबा घेऊन बंद पडलेल्या ऑफिसात जाऊन बसायचा. मी फोन बंद केला. जळगावची बस आली, कंडक्टरने दार उघडून धरलं, "चला भाऊ," म्हणाला. आणि मला एकदम भयंकर राग आला. आबांचा नाही, माझाच. स्वतःच्या गावातून, स्वतःच्या बागेतून पळून मी जाणार कुठे? तर मावशीकडे! तिथे बसून काय करणार, तर फोनवर पॉडकास्ट ऐकणार!

बस गेली. मी घरी आलो, इस्त्रीचा शर्ट काढला आणि खुंटीवरचा बागेतला शर्ट घातला. मुळात तो पांढरा होता असं आई सांगते. आता छातीपासून खाली त्यावर चिकाचे काळे-तांबडे डाग एकावर एक इतके पडलेत की कापडाचा रंग कोणता हे विचारू नये. आईने पाहिलं, तोंडाला पदर लावला, पण अडवलं नाही.

अकराच्या सुमारास ज्योत्स्ना आली. स्कूटीवर, गळ्यात कंपनीचं कार्ड, पाठीला सॅक. बांधावर गाडी लावून ती आत येताना दिसली तसे आबा पटकन केळीच्या ओळीत शिरले आणि एका खोडामागे उभे राहिले. साठीतला माणूस, पांढरं धोतर, आणि खोड एवढंसं. दोन्ही बाजूंनी दिसत होते.

मी खांद्यावरचा घड खाली ठेवला. ती दहा पावलांवर थांबली. माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग शर्टाकडे, आणि मग बराच वेळ हातांकडे.

"सुट्टीवर आलात?" तिने विचारलं. अजून एक पळवाट तिने स्वतःच उघडून दिली होती.

"नाही," मी म्हणालो. "मी इथेच असतो. पुण्यात नव्हतोच कधी. तो आवाज एसीचा नाही, त्या खोलीतल्या मोटारीचा. केळीचं सगळं सांगणारे आबा म्हणजे मीच. शेतकऱ्याला कोणी मुलगी देत नाही म्हणून पुस्तकात तसं छापलं आणि मी गप्प बसलो. तुझी माफी मागायची माझी लायकी नाही."

तिकडे खोडामागे आबा खोकले.

"मुलगी देत नाहीत ते देणारे," ती म्हणाली. "मला कोणी विचारलं होतं, शेतकरी चालेल का म्हणून? तुम्ही तरी विचारलं?"

मी हातांवरचा चीक पँटला पुसू लागलो.

"आणि एक सांगू? त्या चार पानांवर मला घेतलं ना, तेव्हा ते साहेब म्हणाले, आम्हाला खरं तर केळीतलाच माणूस हवा होता. बाग केलेला, शिकलेला. सहा महिने शोधतोय, म्हणे, एकाचाही अर्ज आला नाही." तिने गळ्यातलं कार्ड मुठीत धरलं. "तुम्ही तुमचं नाव घालून तीच पानं पाठवली असती, तर आज माझ्या जागी तुम्ही असतात."

एकतीस अर्ज. एकाहीत मी केळी हा शब्द लिहिला नव्हता. मी खाली ठेवलेल्या घडाशेजारीच बसलो.

तिने डोळे पुसले, सॅकमधून टॅब काढला आणि माझ्यासमोर उकिडवी बसली. मला वाटलं ती उठून जाईल. पण ती कामाला आली होती.

"नाव?"

"तुला माहितीये."

"नाव," ती म्हणाली.

"जितेंद्र सुपडू पाटील."

"क्षेत्र?"

"बारा एकर. सगळी केळी."

"व्यवसाय?"

तो रकाना मी आयुष्यभर पाहिला होता. दोन वर्षं तो छापला गेला, एक वर्ष बदलला गेला, एकतीस वेळा मी त्यात भलतंच भरलं. तोंडाने मात्र कोणाला सांगितलं नव्हतं.

"शेती," मी म्हणालो.

तिने लिहिलं. पुढचा रकाना मोबाईल नंबरचा होता. तिने विचारलं नाही. तिला तो पाठ होता, दहाही आकडे तिने न थांबता भरले, आणि भरून झाल्यावर तिचं बोट त्या आकड्यांवर क्षणभर तसंच राहिलं. मग तिने टॅब माझ्याकडे वळवला. खाली एक ओळ होती : वरील सर्व माहिती खरी आहे. त्याखाली बोटाने सही करायची होती.

मी सही केली. बोटाला ओला चीक होता, काचेवर डाग उमटला. तिने ओढणीने पुसायला घेतला.

"नको," मी म्हणालो. "ओढणीचा निघणार नाही."

"माहितीये," ती म्हणाली. "चौथ्या दिवशी काळा होतो." आणि तिने तो पुसला.

उठताना म्हणाली, "साखरपुड्याचं मी घरी सांगते. नोकरी लागली, इतक्यात लग्न नको, एवढंच सांगेन. तुमचं नाव घेणार नाही." मग खोडाकडे वळून हात जोडले. "येते आबा."

खोडामागून आबांनीही हात जोडले. स्कूटी चालू झाली, बांधावरून वळली आणि पुढच्या बागेशी, जीवरामकाकांच्या बागेशी थांबली. आबा बाहेर आले आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "जितू, मोटार चालू झाली पाह्य."

मी जाऊन मोटारीच्या खोलीचं दार उघडलं. ते मी सकाळी बाहेरूनच लावून घेतलं होतं. आत पांढरी रंगवलेली भिंत तशीच होती. दुपारचे दोन वाजेपर्यंत मी तिथे उभा होतो. फोन आला नाही.